तक्त्यातली चार डिग्री

सोलर फ्रिज टेम्पोत होता, टेम्पो आरोग्य केंद्राच्या दारात होता, आणि तरी तो नर्सबाईंचा नव्हता. आता याला काय म्हणायचं?

पलीकडच्या केंद्राला तो पोचवता पोचवता जिल्ह्याचे साहेब वाटेत थांबले होते ते फक्त सही घ्यायला, की या केंद्राला गरज नाही. "बाई, तुमचा तक्ता म्हणजे नमुना हो! दोन वर्षं लसींचा फ्रिज रोज चार डिग्री, वीज सुरळीत. पलीकडच्या केंद्रात बघा, महिनोन्महिने 'वीज नाही'. मग त्यांनाच नको का द्यायला?"

नर्सबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलीकडच्या नर्सला कामाचा कंटाळा. वीज गेली की 'नाही' लिहायची, लसी फेकायची आणि मोकळी. आणि या? डबा उचलून बर्फाच्या कारखान्याकडे धावायच्या, बर्फ आणून फ्रिजमध्ये रचायच्या. चार डिग्री अगदी खरी होती. खोटं होतं ते शेजारच्या रकान्यातलं 'सुरळीत'. रुजू झाल्या तेव्हा इथल्या आधीच्या मोठ्या नर्सबाईंनीच बजावलं होतं, "वीज नाही असं लिहू नकोस गं, लगेच खुलासा मागतात."

परवा तो कारखानाच बंद पडला. मालकाला वीज परवडेना. आज सकाळपासून वीज गायब, फ्रिजचा काटा बारावर, आणि आठच्या वर गेलं की लस बाद. बाहेर बाकांवर अकरा बाया तान्ही पोरं घेऊन बसलेल्या.

"साहेब, वीज नसायचीच हो. मी बर्फ आणायचे."

साहेबांनी चष्मा पुसला. "मग तसं लिहून द्या, दोन वर्षांच्या नोंदी खोट्या. फ्रिज आत्ता उतरवतो. पण चौकशी लागेल. वीज खोटी, तर चार डिग्री तरी खरी कोण मानणार? आणि तुम्ही टोचलेली सगळी पोरं पुन्हा टोचावी लागतील. घरोघर सांगावं लागेल तसं."

घरोघर! एकेका सासूच्या हातापाया पडून त्यांनी या बाया इथवर आणल्या होत्या. लस खराब होती असं नुसतं कानावर गेलं, तरी पुन्हा एक बाई फिरकली नसती. नर्सबाईंनी 'गरज नाही'वर सही केली. टेम्पो वळून निघून गेला.

"आज लस नाही," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"अगं बाई! पहाटेपासून चालतेय मी," एक जण म्हणाली. "पुढच्या आठवड्यात येऊ?"

"ये."

"तुम्ही म्हणताय म्हणजे येणारच."

नर्सबाईंना तिच्याकडे बघवेना. आत जाऊन त्यांनी बाद झालेल्या कुप्या एकेक करून बाहेर काढल्या आणि स्वतःलाच एक शेलकी शिवी हासडली.