चढावर उकळणाऱ्या जीपचं म्हणणं

मी एक जीप. आज पहिल्यांदाच तोंड उघडलंय असं मात्र समजू नका. मी रोज बोलते. स्टार्टर मारला की बोलते, चढाला लागले की बोलते, ब्रेक दाबला की बोलते. माणसं ऐकत नाहीत, हा माझा दोष नाही.

मोठं युद्ध संपल्यावर एका परक्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि लाकडी खोक्यात बसून मी बोटीने कोलंबियात आले. विकणाऱ्याने मला चौकात उभं केलं आणि गिऱ्हाइकांची खात्री पटावी म्हणून चर्चच्या पायऱ्या चढायला लावलं. पाद्रीबाबा रागावले. शेतकरी मात्र खेचरांचे दोर हातात धरून बघतच राहिले. त्या दिवसापासून या कॉफीच्या डोंगरात मी राबते आहे. आधी एका जमीनदाराकडे, मग एका खाटकाकडे, मग आर्सेसिओच्या वडिलांकडे आणि आता आर्सेसिओकडे.

आमच्याकडे केळ्यांचा सौदा किलोवर होत नाही. ‘एक जीप केळी’ असाच होतो. जिच्या नावाने माल मोजला जातो, तिलाच दारात शोभेला बसवायचं ठरलं होतं. ते कसं ठरलं आणि कसं मोडलं, ते सांगते.

आर्सेसिओ माणूस चांगला. वरच्या ला पाल्मेरा वस्तीतून तो कॉफीची पोती खालच्या गावात उतरवतो आणि परत येताना माणसं, खत, कोंबड्या, गादी, कधी एखादं शवपेटीचं झाकण, जे असेल ते वर नेतो. आठ माणसं आत, तेवढीच मागच्या पायरीवर लटकलेली. वस्तीला दुसरी गाडी नाही. मी गेले नाही तर माणसं पायी जातात आणि कॉफी भिजते.

त्या सुगीत मी चढावर तापायला लागले. रस्त्याकडेला कार्मेन मातेची छोटी देवळी आहे. ड्रायव्हर लोक तिला हात जोडून पुढे जातात. माझा काटा बहुतेक तिथेच वर जायचा, झाकणातून वाफ निघायची आणि सगळ्यांना उतरावं लागायचं. चौकातल्या बाकीच्या ड्रायव्हरांना तर विषयच मिळाला. लिबार्दो नावाचा एक वात्रट माणूस रोज विचारायचा, “काय आर्सेसिओ, घेवडा शिजला का? आणखी एक शिटी होऊ दे.”

आर्सेसिओने मला गॅरेजवाल्या वेइमार उस्तादाकडे नेलं. वेइमार लबाड नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्याला घाई होती, एवढंच. त्याने कान लावला नाही, हात घातला. आधी पाण्याची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट काढून फेकला. आमच्याकडे ही जुनीच समजूत आहे की तो काढला की इंजिन थंड राहतं. झालं एवढंच की पहाटे मी गरमच होईना, पेट्रोल ढोसायला लागले आणि चढावर पुन्हा उकळले. मग पाण्याचा पंप बदलला. जुना चांगला होता. मी तेही सांगत होते. पंपातून ना थेंब गळत होता, ना तो कुरकुरत होता. तरी नवा बसला आणि देवळीपाशी मी पुन्हा वाफ सोडली.

मग वेइमारने टोपी काढली. ड्रायव्हरसमोर उस्तादाने टोपी काढली की समजायचं, बातमी वाईट आहे. “हेडचं गॅस्केट गेलं. कदाचित ब्लॉकलाच चीर असेल. इंजिन खोलावं लागेल, भाऊ.”

इंजिन खोलणं म्हणजे आर्सेसिओची सगळी सुगी. घरी बायको न्यूबिया, तिची आई आणि वर छपराचे पत्रे बदलायचे राहिलेले. तो पायरीवर बसून राहिला, गुळाचं पाणी हातातच निवलं.

याच सुमारास डॉक्टर आले. डॉक्टर म्हणजे औषधवाले नव्हेत. आमच्याकडे चांगले बूट घातलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात. त्यांचं खालच्या रस्त्यावर नवं हॉटेल होत होतं. त्यांनी माझ्याभोवती फेरी मारली, माझ्या लाल बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, इंजिनाची काळजीच नको, ते मी काढूनच टाकणार आहे. बॉनेटखाली माती भरायची, जिरेनियम लावायचे, मागे केळ्यांचे प्लास्टिकचे घड. पाहुणे फोटो काढतील.

लोखंडाला राग येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या क्षणी माझ्यावर हात ठेवून बघायला हवा होता. माझ्या पोटात माती भरणार! ज्या पोटात पेट्रोल पेटून वस्तीची औषधं, वह्या, बाळंतिणी वर गेल्या, तिथे कुंडी! मी म्हातारी आहे हे मान्य. पण मेलेली नाही, आणि नटून दारात बसणारी तर मुळीच नाही.

आर्सेसिओने शब्द दिला, पण अर्धाच. रविवारी प्रार्थना संपल्यावर मी भरून वर जाणार. न उकळता ला पाल्मेरा गाठलं तर विक्री नाही. उकळले, तर सोमवारी डॉक्टरांनी ट्रक घेऊन यावं. दोघांनी हात मिळवले. या डोंगरात मिळवलेला हात कागदापेक्षा पक्का असतो.

त्या संध्याकाळी न्यूबिया बाहेर आली. तिला गाड्यांचं काही कळत नाही, ती तसं म्हणतेही. पण ती घरी कॉफी भाजते, आणि धूर, वास, तडतड यांच्यावरून दाणा कुठे पोचला ते ओळखते. तिला ऐकायची सवय आहे. आमच्या डोंगरात नवराबायकोही एकमेकांना अहोजाहो करतात, भांडताना तर हमखास. तिने नवऱ्याला विचारलं, “ही कधी तापते ते सगळ्यांना सांगताय. कधी तापत नाही, ते सांगा बरं.”

“म्हणजे?”

“म्हणजे उतारावर?”

“नाही.”

“सपाटीला, जोरात?”

“नाही. फक्त चढावर, हळू असताना.”

मग तिने इंजिनातल्या तेलाची मापकांडी ओढायला लावली. तेल काळं होतं, पण स्वच्छ. वेइमारनेच एकदा सांगितलं होतं, गॅस्केट गेलं की पाणी तेलात शिरतं आणि तेल दूधकॉफीसारखं होतं. तसं नव्हतं. सकाळी थंड असताना तिने रेडिएटरचं झाकण काढून मला सुरू करायला लावलं आणि पाण्याकडे बघत राहिली. पाणी शांत. बुडबुडा नाही. धुराड्यातून पांढरा धूर नाही. तापल्यावर झाकणातून जे उडत होतं तेवढंच कमी व्हायचं, एरवी पाणी जिथल्या तिथे. मी कधीपासून हेच सांगत होते की माझं डोकं फुटलेलं नाही, माझा श्वास कोंडलाय!

आर्सेसिओ म्हणाला, मग वजनामुळे असेल. त्यावर न्यूबियाने ज्या गोष्टीवर बोट ठेवलं, ती ना वेइमारला सुचली होती ना त्याला. शनिवारी मी खताची पोती घेऊन वर जाते आणि कशीबशी का होईना, देवळी ओलांडते. रविवारी नुसती माणसं असतात, ओझं कमी, तरी मी देवळीच्याही आधी उकळते. “जड असताना कमी आणि हलकी असताना जास्त. मग शनिवार आणि रविवारच्या मध्ये हिला काय होतं?”

आर्सेसिओला काही आठवेना. “काही नाही. शनिवारी संध्याकाळी धुतो, बस.”

धुतो! त्याचं धुणं म्हणजे सोहळा असतो. रविवारी चौकात आपलीच जीप चकाकली पाहिजे, ही इथल्या प्रत्येक ड्रायव्हरची ईर्षा. आर्सेसिओ नळी घेतो, माझ्या समोर उभा राहतो आणि जाळीवर, दिव्यांवर, बॉनेटवर असा जोराचा फवारा मारतो की मलाच लाज वाटावी.

न्यूबियाने वर्तमानपत्राचं एक पान घेतलं. मला सुरू करायला लावलं आणि ते पान माझ्या जाळीसमोर धरून सोडलं. पान सरळ मातीत पडलं. तिने ते उचलून पुन्हा सोडलं. पुन्हा पडलं. तिने ते घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी आर्सेसिओबरोबर चौकात उतरली आणि लिबार्दोच्या जीपसमोर तेच पान सोडलं. फट्‌कन जाऊन जाळीला चिकटलं आणि तिथेच फडफडत राहिलं. पंखा हवा आत ओढत होता. लिबार्दो म्हणाला, “वहिनी, बातमी वाचायचीय तर मला विचारा, माझ्या जीपला वाचता येत नाही.” पण त्या दिवशी त्याने घेवड्याचं नाव काढलं नाही.

आता उत्तर सगळ्यांच्या समोर उभं होतं. कॉफीच्या गिरणीत पोती उतरवायची तर जीप मागच्या बाजूने ओट्याला लावावी लागते. म्हणजे माझं तोंड अंगणाकडे, आणि अंगणात गिरणीचा नळ दाण्याची सालं फुंकत असतो. कागदासारखी पातळ, हलकी सालं. सुगीभर ती माझ्या रेडिएटरच्या पात्यांमध्ये शिरत होती. कोरडी असताना निम्मी खडखडाटाने गळून जायची. पण दर शनिवारी माझा मालक समोरून जोराचं पाणी मारून ती खोल ठासत होता, आणि रात्रभरात त्यांची वीट होत होती. इतकं मन लावून माझा गळा कुणी आवळला नव्हता.

समोरची जाळी काढली, पंख्याच्या बाजूने, आतून बाहेर, हलक्या हाताने पाणी सोडलं. आधी काहीच आलं नाही. मग तपकिरी लगदा यायला लागला, ढेकळं पडायला लागली. न्यूबियाने कॉफी तोडायची टोपली खाली धरली आणि ती भरली. आर्सेसिओने एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं. म्हणाला, “म्हणजे मीच.”

“माया केलीत,” न्यूबिया म्हणाली, “पण चुकीच्या बाजूने.”

वेइमारला बोलावलं. त्याने स्वतः पान सोडून बघितलं, ते माझ्या जाळीला चिकटलं. तो खूप हसला, मग हसायचा थांबला. आणि त्याने जे सांगितलं ते गाडीवाल्यांनी लक्षात ठेवावं. तो म्हणाला, इंजिन खोललं असतं तर बसवताना रेडिएटरही धुतला असता. गाडी चालली असती. “तुम्ही मला आभाराचा कोंबडा आणून दिला असता, आणि गॅस्केटच गेलं होतं, असं मी मरेपर्यंत शपथेवर सांगितलं असतं.” नवा थर्मोस्टॅट त्याने पैसे न घेता बसवला. पंपाचे पैसे मात्र परत केले नाहीत. उस्ताद शेवटी उस्तादच.

रविवारी प्रार्थना संपली आणि मी भरले. आत गर्दी, टपावर केळी, मागे लटकलेले, पुढच्या मडगार्डवर एक पोरगेला नवरदेव नव्या शर्टात. डॉक्टर आपल्या बंद काचांच्या गाडीतून मागे येत होते. आर्सेसिओची नजर काट्यावर होती. त्याचा डावा हात एरवी दारावर ताल धरायचा, आज तोही स्टिअरिंगवर.

चढ सुरू झाला. दुसरा गिअर, मग पहिला. काटा मधोमध आला. मी मुद्दाम सांगते, मला कुणी मंत्र घातला नव्हता, माझ्यात नवा जीव आला नव्हता. माझ्या पात्यांतून वारा जात होता, बस. माझी मागणी एवढीच होती.

देवळी दिसली तशी एदेल्मिरा आजी सवयीने कोंबड्यांची पिशवी घेऊन उठल्या आणि पायरीवर एक पाय ठेवून उतरायच्या तयारीत राहिल्या. मी थांबले नाही. आजी चिडल्या. “अरे, थांबणार नाहीस का? माझा इथला विसावा ठरलेला आहे.”

“आज नाही आजी. बसा खाली.”

“मग देवीला काय सांगू?”

“सांगा, परत येताना भेटू.”

मागून कुणीतरी शीळ घातली. काटा मधोमधच होता. वळणावर वळण गेलं, चिखलाचा पट्टा गेला आणि ला पाल्मेराची पहिली केळीची झाडं आली. आर्सेसिओने इंजिन बंद केलं नाही. खाली उतरून त्याने माझ्या जाळीवर उपडा तळहात धरला आणि तसाच उभा राहिला. उतरलेली माणसंही घरी जाईनात.

डॉक्टर मागून पोचले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भाव वाढवला. मग आणखी वाढवला. आर्सेसिओचं मन हललं, हे मला स्टिअरिंगशिवायही कळलं. छपराचे पत्रे खरंच गंजले होते. तो गर्दीत उभ्या असलेल्या न्यूबियाकडे वळला. ती म्हणाली, “गाडी तुमची, शब्द तुमचा.”

आर्सेसिओने टोपी डोक्यावर घट्ट केली. “डॉक्टर, ती चढली. हात मिळवला होता.”

डॉक्टर म्हणाले, अहो, शेवटी एक जुनी गाडी आहे, आज ना उद्या बंद पडेल.

“पडेल,” आर्सेसिओ म्हणाला. “तेव्हा का पडली ते आधी बघू.”

त्यांचा ट्रक सोमवारी आला नाही. हॉटेलच्या दारात आता सिमेंटची जीप आहे. जिरेनियम छान आलेत म्हणतात. तिला माझा नमस्कार, तिला चढ माहीत नाही.

छप्पर अजून गळतं. मला आता मागच्या डाव्या चाकात एक टकटक लागली आहे. उजवीकडे वळताना येते, डावीकडे वळताना नाही, ओझं असलं की वाढते. आर्सेसिओला ती ऐकू आली आहे, आणि पहिल्यांदाच तो गॅरेजकडे न धावता मोकळ्या मैदानात मला गोल गोल फिरवून बघतो आहे. लिबार्दो विचारतो, लग्न आहे का जीपचं? विचारू दे.

तुमच्या दारातही कुणीतरी चार चाकांवर उभी असेल. तिला काही झालं तर खिशात हात घालण्याआधी विचारा, कधी होतं, कधी होत नाही, आणि त्याआधी तुम्ही स्वतः काय केलंत. ती सांगेल. आम्ही लपवत नाही. आणि कुणी म्हणालं, जुनी झाली, काढून टाका, तर त्यालाही विचारा की झालंय काय ते तरी सांग. बहुतेकांना सांगता येत नाही.

पोती चढली, आजी चढल्या, कोंबड्याही चढल्या. मी निघते. आत जागा उरलेली नाही, पण मागच्या पायरीवर अजून एक जण मावेल. यायचं असेल तर या. घट्ट धरा, पुढे सगळा चढच आहे.