चौथ्या पायाची माया

मी स्टूल बोलतोय. बसायचं तर बसा, पण बूड टेकवताना जपून. मागाहून बोंब मारलेली मी ऐकून घेणार नाही.

तुमच्या व्याकरणात मी 'ते' आहे. ते मडकं, ते फडकं, ते स्टूल. असेन. पण इतकी वर्षं लोकांची वजनं सोसली, की कुणीही 'तो' होतो, म्हणून मी स्वतःला तोच म्हणतो. शाळेचं तोंड मी एकदाच पाहिलं. गणवेशाची मापं घ्यायला आमचा मालक मला काखेत मारून तिथं घेऊन गेला. पोरं एकेक करून माझ्यावर चढली, उतरली, आणि नंतर मास्तरांनी मला दारात आडवा टाकला, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. तेवढंच माझं शिक्षण. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढू नका.

आमचा मालक शिंपी. मशीनवर बसायला त्यानं मला करून घेतला. सुताराला म्हणाला, "पाय दोन बोटं जास्तीचे ठेव, माया राहू दे."

माया म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाहीतर भलतंच समजाल. शिंपी कापड कापतो तेव्हा शिवणीच्या आत थोडं जास्तीचं ठेवतो. पोर वाढलं, माणूस सुटला, तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. सुतार हसला. लाकडाला कसली माया, म्हणाला, ते काय धुतल्यावर आटणार आहे? पण गिऱ्हाइकापुढं शहाणपण चालत नाही. ठेवली.

मग मी मशीनपुढं उंच व्हायला लागलो. शिंप्यानं स्वतःच करवत घेतली आणि माझे तीन पाय बेताचे केले. चौथ्याला हात घालणार तोच एक बाई ब्लाऊज घट्ट झाल्याची तक्रार घेऊन आली. भांडण लांबलं. ते संपल्यावर शिंप्यानं चौथ्या पायावरून बोट फिरवलं आणि करवत ठेवून दिली. "असू दे," म्हणाला, "तेवढी माया राहू दे. पुढं लागली तर कापू."

कापडाची माया आत दुमडते, कुणाला दिसत नाही. लाकडाची कुठं दुमडणार? मी जो डुगडुगायला लागलो तो लागलोच. शिंपी मशीन चालवायचा तेव्हा खाली मी वेगळीच टीप मारायचो. गिऱ्हाईक माझ्यावर बसलं की जहाजात बसल्यासारखं दोन्ही हातांनी कडा धरायचं. पण त्याचा एक फायदा होता. डुगडुगणाऱ्या जागेवर कुणी गप्पा छाटत बसत नाही. कामाचं बोलून उठतं. दुकानात मी एवढ्याच कामाचा होतो, आणि मला वाटायचं, दुकान माझ्यामुळं चालतंय.

मग शिंप्याचा हात थरथरायला लागला. आधी सुईत दोरा जाईना, मग कात्री रेघ सोडून जायला लागली. दुकान बंद झालं. मशीन लगेच कुणीतरी नेलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. म्हणून शिंपी आणि मी दोघंही घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन पडलो.

घरात शिंप्याचा मुलगा कारखान्यात पाळ्या करणारा, आणि सूनबाई औषधांच्या दुकानात गोळ्या देणारी. त्यांना एक मुलगी झाली होती. ती पालथी पडायला लागल्यापासून एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. सूनबाई कामावर जायला लागली आणि भिंगरीला दिवसभर शिंप्याच्या ताब्यात दिलं. दोन बिनकामाचे होतेच, त्यांना तिसरी बिनकामाची दिली सांभाळायला.

पहिली थंडी. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन फरशीवर पडायचा आणि सकाळभर सरकत सरकत माझ्या पायांपाशी यायचा. भिंगरी त्याच्या मागं रांगत यायची. ऊन माझ्या खाली शिरलं की तीही शिरायची. माझे चार पाय म्हणजे तिचं घर. मग तिनं घराची चव घ्यायला सुरुवात केली. चारही पाय चाटून पाहिले, दात येत होते ते घासून पाहिले. चौथा तिला जास्त आवडला. माया जास्त होती ना. मी म्हणालो, लाळ पुसा कुणीतरी, मी काय चोखायची कांडी आहे? पण स्टुलाचं ऐकतो कोण. शिंपी तर तिच्यासमोर पालथा पडून तिच्याइतकाच रमला होता.

उन्हाळ्यात ती मला धरून उभी राहायला लागली. तिनं भार टाकला की मी डुगकन हलायचो आणि ती मागच्या मागं बसायची. मला वाटलं, आता रडेल, आणि माझी रवानगी अडगळीत. छे. ती माझ्याकडं बघायची, मी कसा काय बोललो म्हणून, आणि खदखदून हसायची. पुन्हा उठायची. पुन्हा डुग. आयुष्यभर ज्या दोषापायी शिव्या खाल्ल्या, त्यावर कुणीतरी हसून टाळी दिली. म्हातारपणी असलं कौतुक बरं नसतं, डोक्यात जातं. माझ्या गेलं.

दुपारी शिंपी तिला घमेल्यात पाणी आणि एक फडकं द्यायचा. त्या फडक्यानं ती मला पुसायची. म्हणजे आधी फरशी, मग स्वतःचं तोंड, मग मी. इतका स्वच्छ मी दुकानात कधी नव्हतो, आणि इतका ओलाही.

पावसाळ्यात माझ्यावर तिचे मोजे वाळत पडायचे. एकदा शिंप्यानं तिला अंगणात नेलं आणि ती मुठीत एक गोगलगाय घेऊन आली. ठेवली ती माझ्यावर. मग शिंपी, ती आणि मी, सगळे गप्प. गोगलगाय या कडेपासून त्या कडेला निघाली. शिंप्याचा भात थंड झाला. तिनं बोट पुढं केलं की गोगलगाय शिंगं आत घ्यायची, बोट मागं घेतलं की बाहेर. तिला वाटलं, हे आपणच चालवतोय. माझ्यावर आजवर पुष्कळ लोक बसून गेले, पण इतक्या सावकाश कुणी गेलं नाही, आणि कुणी गेलेलं मला इतकं आवडलंही नाही. त्या अर्ध्या दुपारी मी अजिबात डुगडुगलो नाही. श्वास धरला होता म्हणा.

पाऊस ओसरता ओसरता ती पहिला शब्द बोलली. "डुग."

सूनबाईला वाटलं, दूध. तिनं पेला भरून आणला. भिंगरीनं तो ढकलला आणि दूध माझ्या अंगावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा डुग, पुन्हा पेला. पोर दूध मागते आणि पीत नाही म्हणून सूनबाई काळजीत पडली, दुकानात येणाऱ्या डॉक्टरलाही विचारून आली. शिंपी म्हणाला, अगं, ती त्या स्टुलाला हाक मारते, डुगडुगतं ना ते. सूनबाई म्हणाली, बाबा, पोरीचा पहिला शब्द काय स्टूल असणार आहे?

का नसावा? मी तर फुगून दाराएवढा झालो. या घरात आई होती, बाप होता, आजोबा होते, आणि पोरीनं आधी माझं नाव घेतलं. दुधानं अंग चिकट झालं होतं, मुंग्या लागल्या होत्या, तरी मी ताठ.

माझा ताठा पानगळीत उतरला. खिडकीबाहेरच्या झाडाची पानं पडायला लागली, आणि ती कुठं जातात ते भिंगरीला बघायचं होतं. शिंपी नाक शिंकरायला वळला तेवढ्यात ती माझ्यावर अर्धी चढली. मी हललो. ती तोंडावर आपटली. ओठ फुटला.

संध्याकाळी सूनबाईनं तो सुजलेला ओठ पाहिला. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. तिनं आधी ओठाला औषध लावलं, आणि मग सांगितलं, "बाबा, रविवारी भंगारवाला येतो. हे स्टूल त्याला द्या."

"त्याचं काय चुकलं?" शिंपी म्हणाला.

"डुगडुगतं ते. डुगडुगणारी वस्तू पोरीजवळ नको."

शिंपी खाली बसला. गुडघ्यावरचा त्याचा हात थरथरत होता, नेहमीसारखा. भिंगरी त्याच्याजवळ गेली, तो हात तिनं दोन्ही मुठींत धरला, आणि सुजल्या ओठांनी म्हणाली, "डुग."

म्हणजे माझं नाव नव्हतंच ते. जे हलतं ते डुग. मी डुग, आजोबाही डुग, उद्या एखादी म्हैस मान हलवेल तर तीही डुग. इतके दिवस मी उगाच नवरदेवासारखा मिरवत होतो.

पण त्या क्षणी माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. शिंपी हसला. "खरंय गं बाळा. मीही डुगच. सूनबाई, भंगारवाल्याला सांग, दोन नग आहेत."

"बाबा, मी तसं म्हणाले नाही."

"तू कुठं म्हणालीस. ती म्हणाली."

सूनबाई बराच वेळ पेला विसळत राहिली. मग म्हणाली, रविवारपर्यंत पक्कं होत असेल तर राहू दे. नाहीतर जाऊ दे.

रविवारी सकाळी शिंप्यानं शेजारून करवत आणली. मुलगा म्हणाला, द्या, मी कापतो. शिंपी म्हणाला, "तू बापजन्मात एक पायजमा सरळ कापला नाहीस." जुनी सवय, खडूनं खूण केली आणि चौथ्या पायाची माया कापायला बसला. हात थरथरत होता. माया गेली, आणि तिच्याबरोबर थोडा पायही गेला. आता चौथा आखूड. मग बाकीचे तीन कापायला घेतले. तिथं त्याच्यातला शिंपी जागा झाला, त्यांना थोडी थोडी माया ठेवली. पुन्हा डुग. पुन्हा करवत. दर खेपेला मला जमीन जवळ दिसायला लागली. उंची हा माझा एकुलता एक गुण होता, वरच्या फळीवरचा डबा काढायला तरी घेत होते. तीही चालली. मनात म्हटलं, हा बाबा मला शेवटी पाट करून सोडणार.

बाहेरच्या रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली. शिंप्याचा हात आणखीच हलायला लागला.

सूनबाई आतून आली. मला वाटलं, न्यायलाच आली. ती फरशीवर मांडी घालून बसली, एका हातानं माझा पाय दाबून धरला आणि दुसरा हात शिंप्याच्या हातावर ठेवला.

"आता माया ठेवायची नाही, बाबा."

"नाही ठेवत."

दोघांनी मिळून शेवटचा पाय कापला. सूनबाईनं मला उभा केला, तळहातानं चारही कोपरे दाबून पाहिले. मी हललो नाही. हाक गल्लीच्या टोकाला गेली आणि कुणी उठलं नाही. लाकडाच्या चकत्या ती केरात भरायला लागली, तेव्हा शिंप्यानं त्या तिच्या हातातून घेतल्या. टाकू नको, म्हणाला, माया आहे ती. आणि खिशात घातल्या.

भिंगरी झोपेतून उठून आली. माझ्याजवळ आली, दोन्ही हात ठेवले, रेटलं. काही नाही. पुन्हा रेटलं. वाकून खाली पाहिलं, मी कुठं गेलो म्हणून. खरं सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी स्वतःहून डुगडुगायचा प्रयत्न केला. जमेना. मी पक्का झालो होतो. ती तोंड वळवून निघून गेली. भंगारात गेलो असतो तरी एवढं लागलं नसतं.

मग ती परत आली. खिडकीबाहेर थंडीचा वारा सुटला होता, उरलीसुरली पानं उडत होती. तिनं एक गुडघा माझ्यावर टेकवला. गुडघा पोचला. आधी कधी पोचत नव्हता. दुसरा टेकवला, खिडकीची चौकट धरली, आणि उभी राहिली. एकटी. पान खाली गेलं, भिंतीला लागलं, कोपऱ्यात जाऊन बसलं, आणि तिनं ते सगळं पाहिलं. तिचे पाय लटपटत होते. शिंप्यानं पुढं केलेला हातही थरथरत होता. तिनं तो हात पाहिला, मग वाकून स्वतःचे गुडघे पाहिले.

"डुग," म्हणाली.

"डुग," शिंपी म्हणाला.

आतून सूनबाईनं विचारलं, दूध हवंय का?

तर असा मी. बुटका झालो, नाव गेलं, आणि वर दोन डुगडुगणारे जीव घेऊन मी तेवढा स्थिर. मला आता रंग लावू नका, नवे पाय जोडू नका. ती उंच होईल तेव्हा मला खुशाल विसरू द्या. फक्त शिंप्यावर लक्ष ठेवा. वरच्या फळीवरचा डबा काढायला तो अजून माझ्यावर चढतो आणि हवेत हात फिरवत राहतो. माझी उंची गेली हे त्याच्या ध्यानात राहत नाही.

बसा आता. हलणार नाही.