बाबा खडखडायला लागले

भिंतीवरचे बाबा खडखडायला लागले आणि माझा संशय सरळ वहिनीवर गेला.

आमचं फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान. बाबांनी काढलं. आता दादा गल्ल्यावर बसतो आणि कापाकापी, ठोकाठोकी माझ्याकडे. त्यामुळे चौकट वाजली की का वाजते ते मला न उघडता कळतं. काच हलू नये म्हणून फोटोच्या मागे चारी कोपऱ्यांत कागदाचे तुकडे खुपसलेले असतात. ते कुणीतरी काढले होते. चौकट उलटी करून पाहिली तर पुठ्ठ्याचे खिळे नवेकोरे, आमच्याच दुकानातले, आणि ठोकलेले तिरके. दादा खिळ्याला हात लावत नाही. मी तिरका खिळा ठोकत नाही. राहिलं कोण?

"वहिनी, बाबांचा फोटो काढला होतास का गं?"

"हो ताई, पुसायला."

पुसायला खिळे कशाला उपटावे लागतात? पण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाला भांडं विचारून उपयोग नसतो.

दादाचं लग्न उशिरा झालं. वहिनी घरात येऊन दोन वर्षं होत होती आणि इतक्यात तिचं दर शनिवारी वाचनालयात जाणं सुरू झालं होतं. पुस्तकं आणायची असती तर एक वेळ समजलं असतं. ही कात्री घेऊन जायची.

"बायकांचा वर्ग आहे कसलासा," दादा म्हणाला. "चिकटवही करतात."

"चिकटवही दुसरीतली मुलं करतात."

"ही म्हणे बायकांच्या हक्काची असते."

हक्काचा आणि डिंकाचा काय संबंध, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो पुन्हा पेपरात शिरला. बायको कात्री घेऊन घरातली भिंत पोखरतेय आणि हा शब्दकोडं सोडवतोय.

मला भीती वाटत होती, हे सांगून टाकते. मी लग्न केलं नाही. माझं घर म्हणजे हेच. भिंतीवरून आमची माणसं एकेक करून उतरायला लागली तर आज बाबा, उद्या मी. शिवाय आई तर तिथे नव्हतीच. बाबांच्या शेजारी तिच्यासाठी ठोकलेला खिळा कितीतरी वर्षं रिकामा होता. ती गेली तेव्हा आम्ही सगळे अल्बम पालथे घातले, पण लावण्याजोगा एक फोटो निघाला नाही. फोटो काढायची वेळ झाली की ती सगळ्यांत शेवटी, हात पुसत यायची आणि अगदी कडेला उभी राहायची. बाबांकडे चौकटी तयार मापाच्या. फोटो मोठा पडला की ते म्हणायचे, "लाकूड थोडंच कापायचं? कागद कापायचा." कागद कडेनेच कापतात.

एका शनिवारी वहिनी निघायच्या गडबडीत होती. तिच्या पिशवीतलं पाकीट कलंडलं आणि त्यातून एक कान खाली पडला. फोटोतला कान. पाळी लांब, दादाची नि माझी आहे तशी. तिने तो झटकन उचलला आणि माझ्याकडे न बघता चपला घातल्या. आता मात्र मला राहवेना. दुकानाची किल्ली दादाच्या हातात दिली आणि तिच्या मागोमाग निघाले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत लांब टेबल होतं आणि त्याभोवती बायका कातरत बसल्या होत्या. चित्रकलेच्या एक निवृत्त बाई नव्याने आलेल्या एकीला सांगत होत्या, "सुरुवात सोपी आहे. पहिलं पान घरात जिचा फोटो नाही तिचं. सुंदर करायला जाऊ नका. तिचं जे सापडेल ते लावा."

मी दारातूनच बोलले. "आमची माणसं कापायला येतेस होय इथे?"

वहिनीचा चेहरा उतरला. "मी नाही कापली ताई. मला कापलेलीच सापडली." आणि तिने वही माझ्याकडे फिरवली.

पानावर आई होती.

तुकड्यातुकड्यांची, पण आईच. एक डोळा तिशीतला, दुसरा पन्नाशीतला. हनुवटी एका लग्नातली, खांदा दुकानाच्या उद्घाटनाचा. आणि तो कान. मला रडू फुटलं, आणि इतक्या परक्या बायकांसमोर फुटलं म्हणून रागही आला.

"कुठे मिळाली?"

"बाबांच्या फोटोमागे. पुसताना पुठ्ठा सुटला. काच हलू नये म्हणून खुपसली होती." तिने आवाज खाली आणला. "तुम्हाला सांगणारच होते. पण अर्धवट आई कशी दाखवायची?"

बाबा कापलेल्या पट्ट्या कधी टाकून देत नसत. त्यांचेच तुकडे करून कोपऱ्यांत भरत. स्वतःच्या फोटोची चौकटही त्यांनीच हयातीत ठोकलेली. मी त्यांच्याकडूनच शिकले. मीही तेच करते.

"हातच मिळत नव्हता," वहिनी म्हणाली. तिला आता जरा धीर आला होता. "मग ह्यांच्या पन्नाशीचा फोटो उघडला. त्याच्या एका कोपऱ्यात हा निघाला. अंगठ्याला चिंधी बघा. काचेचं काम करायच्या ना त्या?"

काच लागू नये म्हणून आई अंगठ्याला चिंधी बांधायची, हे खरं. वहिनीने तिला कधी पाहिलं नव्हतं. आणि तो फोटो दादाने हौसेने काळापांढरा करून घेतलेला, तेव्हा जुन्या तुकड्यांत तो हात बेमालूम मिसळला होता. पण दादाच्या पन्नाशीला आई कुठे होती?

मी चिंधी बांधलेला माझा हात वहीशेजारी टेबलावर ठेवला.

कात्र्या थांबल्या. चित्रकलेच्या बाईंनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमचा हात कापला कुणी?"

"मीच," मी म्हणाले. "कडेला होते ना."

वहिनी ओशाळून नखाने तो हात उचकटायला गेली. मी तिचं मनगट धरलं. "राहू दे. तिला हात हवाच होता."

घरी आल्यावर स्टूल ओढलं आणि दादाचा पन्नाशीचा फोटो उतरवला. उरलेल्या तीन कोपऱ्यांतून मी निघाले. अर्धं कपाळ, एक खांदा आणि तोंड. तोंड हसत होतं. त्या दिवशी मी हसले होते, हे मला आठवतसुद्धा नव्हतं. तिन्ही तुकडे वहिनीच्या हातात दिले आणि खिळे परत सरळ ठोकले. कोपरे तसेच रिकामे ठेवले.

आईचं पान वहीतून सोडवून मी रिकाम्या खिळ्यावर लावलं. दुकानातली एकही चौकट त्याला बसेना. मग मी लाकूड कापलं.

आता दार आपटलं की दोघं वाजतात, बाबा आणि दादा. आई गप्प असते. परवा दादा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "अगं, लोकांच्या चौकटी ठोकतेस आणि आपल्याच घरात ही खडखड. काहीतरी खुपस ना मागे."

वहिनी माझ्या पानावर डिंक लावत होती. तिने मान वर केली नाही.

"खुपसायला आता कुणी उरलं नाही," मी म्हणाले.