चंदेरी माणसाचं पुढे काय झालं

बटणाच्या संगीताला श्रोते पुष्कळ होते, फक्त त्यांतले बरेचसे झोपलेले असत.

तो घरी बघायच्या सिनेमांच्या डिस्क बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत कामाला होता. डिस्क टाकली की पडद्यावर ‘सिनेमा सुरू करा’, ‘प्रसंग निवडा’ असं काहीबाही येतं आणि मागे संगीताचा एक तुकडा पुन्हापुन्हा वाजत राहतो. तो तुकडा बटणाचा. लोक डिस्क टाकून हात धुवायला जात, फोन घेत, नाहीतर सोफ्यावरच घोरायला लागत, आणि बटणाची कला बंद दारावर टकटक करावी तशी तिथल्या तिथे वाजत राही. कोणी दार उघडत नसे.

कंपनी टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती आणि मालकांचं पोट संकटांवर चालत होतं. पूर, भूकंप, ज्वालामुखी, हिमवादळ, एकदा तर नुसत्याच संतापलेल्या मधमाश्या. प्रत्येक सिनेमात अख्खं गाव जाई आणि एक कुटुंब कुत्र्यासकट वाचे. मालकांचं म्हणणं असं, की माणूस पाय पसरून दुसऱ्याचं घर वाहून जाताना बघतो तेव्हाच त्याला स्वतःचं घर जरा बरं वाटायला लागतं.

बटण हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हतं. लहानपणी दिसेल ते बटण दाबायचा, म्हणून ते नाव पडलं. मोठेपणी त्यानं त्याचंच शास्त्र केलं. घरी त्याच्या खोलीत कीबोर्ड, वायरी आणि खोके यांची अशी गर्दी होती की झोपायला त्याला आधी वायरींची परवानगी घ्यावी लागे. रात्रंदिवस खपून तो इलेक्ट्रॉनिक संगीत बनवायचा आणि त्याचे व्हिडिओही स्वतःच काढायचा. सगळ्यात ताज्या व्हिडिओत तो पत्र्याखाली लावतात त्या चंदेरी शीटचा अंगरखा घालून, स्कूटरच्या हेल्मेटलाही तेच शीट चिकटवून, गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये किल्ली हरवल्यासारखा नाचला होता. तो त्यानं इंटरनेटवर टाकला. खाली एकाच माणसानं लिहिलं, टाक्या कुठून घेतल्या?

बटणाला जगाचं फारसं वाईट वाटलं नाही. त्याला वाईट वाटायचं ते बाबांचं.

बाबांनी उभा जन्म छापखान्यात काढला होता. यंत्राशेजारी उभं राहून राहून त्यांचे कान गेले. कानात घालायचं मशीन होतं, पण ते झिजेल म्हणून डबीत ठेवलेलं असायचं. बटणानं पहिला कीबोर्ड घरी आणला तेव्हा बाबांनी तळहात कीबोर्डवर टेकवून त्याची थरथर घेतली आणि म्हणाले, हे ऐकून तर मी बहिरा झालो, आता तू ते घरी घेऊन आलास. त्या दिवसापासून बटणाच्या संगीताला घरात ‘बंद कर’ हेच नाव होतं.

आई गेल्यावर बाबा सिनेमे बघायला लागले. प्रेमाचे नकोत, विनोदी नकोत. निदान एक धरण तरी फुटायला हवं. ऐकू येत नसल्यामुळे ते पडद्यावर खाली उमटणाऱ्या ओळी वाचत. त्यांचे नियम कडक होते. सिनेमा मधे थांबवायचा नाही, कारण पुरात कोणी थांबवत नाही. प्रसंग गाळायचा नाही, तीही लबाडीच. आणि ‘येतो’ म्हणून निघालेलं पात्र हमखास मरतं, हे बारीक निरीक्षण झाल्यावर त्यांनी घरातही ‘येतो’ म्हणायला बंदी घातली. बटण रोज सकाळी ‘जातो’ म्हणून निघे आणि जिने उतरताना शेजाऱ्यांना वाटे की याचं घरी काहीतरी बिनसलंय.

त्या जिन्यांपायीच पुढचं सगळं झालं. बाबांचे गुडघे जिन्यांना दाद देईनात. ताईचं घर दुसऱ्या गावात, तळमजल्यावर. ठरलं की महिनाअखेरीला ताई येऊन बाबांना घेऊन जाईल आणि बटण टायरवाल्याच्या मागची एक खोली भाड्यानं घेईल. सगळ्यांना पटलं. मग एके दिवशी भांडी बांधता बांधता बटणाच्या ध्यानात आलं, की एका घरात राहण्याचे आता मोजकेच दिवस उरलेत आणि बाबांनी आपलं एकही गाणं अथपासून इतिपर्यंत बघितलेलं नाही. त्यांनी एकदा बघावं आणि काहीतरी म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. ‘बंद कर’ सोडून काहीही.

सरळ मार्ग असा होता की बाबांसमोर बसावं आणि म्हणावं, बाबा, हे बघा. पण सरळ मार्गानं जाईल तो बटण कसला. त्यानं पुराच्या सिनेमाची फाइल उघडली. त्यात धरण फुटल्यावर एक कुटुंब छपरावर चढतं आणि बातम्या बघायला बॅटरीवरचा छोटा टीव्ही लावतं. हे छपरावर टीव्ही घेऊन का चढले, हा प्रश्न कोणालाच पडत नाही, कारण धरण फुटलेलं असतं. बटणानं त्या बातम्या कापल्या आणि तिथे आपला अख्खा व्हिडिओ चिकटवला. फक्त बाबांसाठी, एकच डिस्क. कुटुंब टीव्हीकडे बघतंय, टीव्हीवर चंदेरी माणूस नाचतोय, कुटुंब गंभीर. चपखल बसलं.

फाइल नेहमीच्या रस्त्यानं मावशींकडे गेली. मावशी म्हणजे कंपनीत खालच्या ओळी लिहिणाऱ्या बाई. सगळे त्यांना मावशीच म्हणत, मालकसुद्धा, जरी ते वयानं मोठे होते. मावशींचा एकच धर्म होता: पडद्यावर काही चाललंय आणि खाली ओळ नाही, असं होता कामा नये. दार वाजलं तर ‘(दार वाजते)’. कोणीच बोललं नाही तर ‘(शांतता)’. त्या प्रश्न विचारत नसत. प्रश्न विचारले की काम वाढतं, हा त्यांचा अनुभव. पुराच्या सिनेमात मधेच एक चंदेरी माणूस टाक्यांमध्ये नाचायला लागला, तरी त्यांनी चष्मा पुसला आणि लिहीत गेल्या. बटणाच्या गाण्यात एकही शब्द नव्हता. मावशींनी ते कारण मानलं नाही.

डिस्क तयार झाली. बटणानं ओळी वाचून बघितल्या नाहीत. बीपबीपच्या खाली कोणी काय लिहिणार, असं त्याला वाटलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यानं डिस्क लावली आणि आपण स्वयंपाकघराच्या दारात कप पुसत उभा राहिला. तोच एक कप. बाबा खुर्चीत, मांडीवर रिमोट. धरण फुटलं, बाबांनी समाधानानं मान हलवली. गाव गेलं. कुटुंब छपरावर चढलं. टीव्ही लागला.

चंदेरी माणूस आला. खाली ओळ उमटली: ‘(यंत्राचा आवाज)’. मग: ‘(माणूस एकटा आहे)’. मग: ‘(पुन्हा यंत्राचा आवाज)’. चंदेरी माणसानं दोन्ही हात वर केले. ती नाचातली त्यातल्या त्यात जमलेली जागा होती आणि त्या जागेवर त्यानं कितीतरी दिवस घालवले होते. खाली आलं: ‘(तो हाक मारतो. आवाज यंत्राखाली दबतो)’.

आणि बाबांनी, ज्यांनी भूकंपातसुद्धा कधी सिनेमा थांबवला नव्हता, त्यांनी रिमोट उचलून सिनेमा थांबवला. पडद्यावर चंदेरी माणूस हात वर करून गोठला. बाबा पुढे झुकले, मग मागे वळून त्यांनी बटणाकडे बघितलं.

“हा कोण रे?”

दार उघडलं होतं. टकटक करायचीही गरज नव्हती. ‘मी’ हा एका अक्षराचा शब्द, बहिऱ्या माणसाला ओठांवरूनही कळला असता. पण बाबांच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे बटणानं स्वतःसाठी कधी बघितलं नव्हतं, आणि त्याला वाटलं, आपण ‘मी’ म्हटलं की हे जाईल आणि त्या जागी नेहमीचं ‘बंद कर’ येईल. तो कपाकडे बघत मोठ्यानं म्हणाला, “असेल कोणीतरी.”

बाबांनी सिनेमा पुढे चालू केला. उरलेला सगळा वेळ ते चंदेरी माणसाची वाट बघत राहिले. पूर ओसरला, हेलिकॉप्टर आलं, कुटुंब कुत्र्यासकट उचललं गेलं. बाबांनी ढुंकून बघितलं नाही. नावं सुरू झाली तरी ते उठले नाहीत. न जाणो, नावांच्या मागे तो कुठे दिसला तर.

“त्याला घ्यायला कोणी गेलंच नाही,” ते शेवटी म्हणाले.

“कोणाला?”

“त्याला. यंत्रापाशी उभा होता बिचारा. सगळे त्याच्याकडे नुसते बघत बसले आणि आपलं आपलं हेलिकॉप्टर आलं तसे निघून गेले. हा काय शेवट झाला?”

 बटण म्हणाला की दुसऱ्या भागात दाखवत असतील. बाबांनी विचारलं, दुसरा भाग आहे का. बटण म्हणाला, आहे. एक थाप पचली की दुसरी आपसूक सुटते.

ताई आली, गाठोडी झाली. जिना उतरताना बाबांनी प्रत्येक वळणावर दम घेतला आणि दरवेळी बटणाला वाटलं, आता सांगावं. पहिल्या वळणावर ताई मधे होती. दुसऱ्यावर शेजारी होते. तिसऱ्यावर कोणीच नव्हतं, तेव्हा त्याच्या डोक्यावर गादी होती, आणि गादीखालून माणसानं काय कबूल करायचं. खाली गाडीत बसताना बाबा म्हणाले, “जातो.” त्यांच्या नियमाप्रमाणे तो शुभशब्द होता. बटणाला तसा वाटला नाही.

नव्या खोलीत बटणानं कीबोर्ड मांडले, पण काही सुचेना. बोटं ठेवली की खाली ओळ दिसायची: ‘(पुन्हा यंत्राचा आवाज)’. त्याला हळूहळू उमजत गेलं ते असं, की बाबांनी त्याच्या संगीताचा एक सूरही ऐकला नव्हता. त्यांना भिडलं ते मावशींचं लिहिणं, आणि त्यांना आवडला तो माणूस म्हणजे आपला मुलगा हेही त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे बाबांना जे आवडलं त्यात बटणाचं काय होतं, तर शीट.

ताईचा फोन यायचा. बाबांचं जेवण ठीक, झोप ठीक, गुडघे बरे. मग शेवटी ती म्हणायची, “अरे, ते कुठल्यातरी चंदेरी माणसाचा दुसरा भाग आला का विचारतायत. हे काय प्रकरण आहे?” बटण म्हणायचा, येईल. एकदा त्यानं फोनवरच सगळं सांगायचं ठरवलं, पण ताईनं ते बाबांच्या कानात ओरडायचं, शेजारी ऐकायचे, आणि ‘तो नाचणारा तुमचाच मुलगा होता हो’ ही बातमी बाबांच्या आधी अख्ख्या गल्लीला कळायची. त्यानं हवापाण्याचं बोलून फोन ठेवला.

शेवटी त्यानं दुसरा भाग काढायला घेतला. टायरच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत, जुन्या टायरांच्या ढिगाऱ्यात, तोच अंगरखा, तेच हेल्मेट. या खेपेला नाचला नाही. चालत कॅमेऱ्याजवळ आला आणि हेल्मेट काढलं. आत तो होता, घामेजलेला, केस चपटे. फाइल घेऊन तो स्वतः मावशींकडे गेला. मावशींनी सगळं बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा प्रश्न विचारला.

“इथे काय लिहायचं रे?”

बटण म्हणाला, जे दिसतंय ते लिहा. मावशींनी त्याच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि हेल्मेट निघतं तिथे लिहिलं: ‘(मुलगा)’.

तो डिस्क घेऊन ताईकडे गेला तेव्हा सकाळ होती. बाबा खिडकीपाशी बसले होते, आधीपेक्षा जरा लहान झाल्यासारखे. दुसरा भाग म्हटल्यावर त्यांनी डबीतून कानाचं मशीन काढून लावलं. हा मान त्यांनी कुठल्याच ज्वालामुखीला दिला नव्हता. ताई भिंतीला टेकून उभी राहिली. टायर आले, चंदेरी माणूस आला, बाबांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. तो जवळ आला. हेल्मेट निघालं. खाली ओळ आली.

बाबांनी ती वाचली. पडद्यावरच्या बटणाकडे आणि शेजारी बसलेल्या बटणाकडे आळीपाळीनं बघितलं. मग कानातलं मशीन काढून सावकाश डबीत ठेवलं.

“म्हणजे तो वाचला नाही,” ते म्हणाले.

“बाबा, तो मीच होतो. पहिल्यातही मीच.”

“तू त्याचे कपडे घातलेस.”

“कपडेही माझेच, बाबा. गच्ची आपली होती. टाक्या आपल्या होत्या.”

“तो उंच होता,” बाबा म्हणाले. “आणि तू असतास तर मी विचारलं तेव्हाच नसतं का सांगितलंस?”

 ताईनंही बाबांच्या कानाशी वाकून सांगून बघितलं, की अहो, तो खरंच हाच होता. बाबांनी तिच्याकडे बघूनही मान डोलावली, लहान मुलं एकमेकांची बाजू घेतात तेव्हा मोठी माणसं डोलावतात तशी. मग त्यांनी बटणाच्या पाठीवर हात ठेवला. छापखान्यात थरथर अजमावायची सवय होती. तळहात पूर्ण टेकवून त्यांनी तो बराच वेळ तसाच ठेवला.

“मला वाईट वाटू नये म्हणून एवढं केलंस,” ते म्हणाले. “चांगला आहेस तू.”

आणि त्यांनी ताईला सांगितलं, की पहिला भाग लाव. जिथे तो अजून आहे, तिथून.