साडेनऊ सेंटिमीटरचा माणूस

"जेवायच्या टेबलावर ताट ठेवायला वीतभर जागा नाही, आणि या पुठ्ठ्याच्या बाप्याला मात्र चार खोल्या!"

हे मी अगदी जवळून ऐकलं. इतकं जवळून, की बोलणाऱ्या बाईंच्या हातातलं फडकं माझ्या डोक्यावरून गेलं आणि मी आडवा झालो. बोलणाऱ्या बाई म्हणजे ताईची आई. चार खोल्या म्हणजे ताईनं फोमशीट कापून केलेलं घराचं मॉडेल. आणि पुठ्ठ्याचा बाप्या म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुना मापाचा माणूस आहे. उंची साडेनऊ सेंटिमीटर, जाडी दीड मिलिमीटर. समोरून बघितलंत तर चांगला भारदस्त आहे. बाजूनं बघितलंत तर नाहीच. मला नाक-डोळे नाहीत. पायाखाली पुठ्ठ्याची एक टिकली चिकटवलेली आहे, तिच्या जोरावर मी उभा राहतो. टिकली सुटली की पडतो. एवढंच माझं शरीरशास्त्र.

ताई इंटिरिअर डिझाइन शिकायला लागली त्याच्या पहिल्याच आठवड्यात माझा जन्म झाला. तिला शिकवणाऱ्या मॅडमच्या हातात कायम स्टीलची पट्टी असायची, म्हणून मुलं त्यांना मागून 'फूटपट्टी मॅडम' म्हणत. मॅडमना ते ठाऊक होतं आणि त्या नावाला त्या जागतही होत्या. पट्टी टेबलावर टेकवून त्या म्हणाल्या, "खोली नंतर करा. आधी माणूस कापा. माणूस नसला की खोली थापा मारते."

आणि खरंच मारते हो. रिकाम्या मॉडेलात दार केवढं, खिडकी केवढी, काही उमगत नाही. एक माणूस आत उभा केला की सगळ्यांची बोलती बंद. मग दाराला दाराएवढंच व्हावं लागतं. माप होतं एकास वीस, म्हणजे खरा एक मीटर तो आमच्या जगात पाच सेंटिमीटर.

बाकीच्या मुलांनी पुस्तकातला तक्ता बघून सरासरी माणूस कापला. ताईला सरासरी माणूस पटेना. तिनं घरी जाऊन, नुकत्याच कामावरून आलेल्या बाबांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं.

"टाचा टेकवा. आणि श्वास भरून फुगू नका बाबा, फसवाल."

"अगं, चहा तरी पिऊ दे, सुपरवायझर."

"चहा प्यायल्यावर उंची वाढते का?"

"चहानं वाढत नाही, पण दिवसभराच्या कामानं कमी होते. मोजायची तर सकाळी मोजायचीस."

दिवसभराच्या कामानंतरही बाबा एकशे नव्वद भरले. ताईनं भागाकार केला, करड्या पुठ्ठ्यावर पेन्सिल फिरवली, आणि कटरनं मला सोडवलं. खांदे कापताना ती तीनदा उठून बाबांकडे बघून आली.

बाबा लिफ्टचे मेकॅनिक. गावातल्या निम्म्या लिफ्ट त्यांना आवाजावरून ओळखू यायच्या. दाराला कान लावला की म्हणायचे, "हिच्या दोराला तेल हवंय," किंवा "ही ठीक आहे, उगाच कुरकुरतेय." गच्चीवरच्या मशीनरूमच्या बुटक्या दारातून आयुष्यभर वाकून गेल्यामुळे त्यांच्या खांद्यांना थोडा बाक आला होता. तो बाक माझ्यातही उतरला. म्हणूनच मॅडमनी डोळे टेबलाच्या पातळीला आणून माझ्या पाठीमागून मॉडेलात पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हा कुणीतरी आहे. बाकीची नुसती मापं आहेत." त्या दिवशी मी दीड मिलिमीटरचा दोन झालो असेन.

वर्गातली पोरं मात्र सोडत नसत. "तुझा माणूस बास्केटबॉल खेळतो का गं?" "याच्या खोलीत पंखा लावू नकोस, मुंडकं उडेल." ताईही हसायची. घरात तर मी पुरता बदनाम झालो, कारण ताईनं माझ्या मापानं एक स्वयंपाकघर केलं आणि आईनं त्याचा ओटा बघून विचारलं, "इथे भांडी घासायला मी शिडी लावू?"

मॅडमपर्यंत ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एकासाठी करायचं तर एक माणूस पुरतो. सगळ्यांसाठी करायचं तर सगळे काप." मग ताईनं आणखी पाच जण कापले. एक शाळेतली मुलगी, एक ठेंगणी बाई, एक काठीवाली आजी, कडेवर मूल घेतलेला एक बाप आणि एक चाकाच्या खुर्चीतला माणूस. आम्ही सहाही जण बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहायचो. कामं वाटली गेली आणि माझा नंबर कमी लागू लागला. दुसरं वर्ष मी जवळजवळ डब्याच्या तळाशी काढलं. आजीची काठी पोटात टोचायची. पण तक्रार कशाला करू? ताईच्या खोल्या तेव्हा फार सुरेख होत होत्या. आजीलाही सुखानं बसता येईल आणि मुलीचाही हात पोचेल अशा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बाबा मशीनरूमच्या लोखंडी जिन्यावरून पडले.

त्या दिवशी ताईनं डब्यातून मला एकट्याला उचललं आणि खिशात टाकलं. दवाखान्याच्या बाकावर बसून ती मला बोटांत फिरवत राहिली. माझ्या कडा मऊ पडल्या त्या तेव्हापासून.

बाबा घरी आले ते चाकाच्या खुर्चीतून. कमरेखाली पाय होते, पण बाबांचं ऐकत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "बघू या." आई शेजारणीला म्हणाली, "पुढच्या महिन्यात उठतील." तो महिना आला की ती त्याच्या पुढच्या महिन्याबद्दल तेच म्हणे. बाबा म्हणत, "होईल, होईल." कोपऱ्यात एक नवी काठी आणून ठेवली होती, तिच्या मुठीवरचं प्लॅस्टिक कुणी काढलं नाही. वर्गातल्या पोरांनीही माझ्या उंचीवरून चिडवणं बंद केलं. मित्रांनो, चेष्टा थांबली की समजावं, काहीतरी मोठं घडलंय आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे.

तिसऱ्या वर्षी प्रदर्शन कसं मांडायचं ते शिकायचं होतं. काम असं: एका माणसाचा धंदा घ्या आणि वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये त्याचं प्रदर्शन मांडा. बाहेरचे परीक्षक येणार, आणि तीन दिवस ते लोकांना खुलं राहणार. ताईनं लिफ्टच्या मेकॅनिकचं काम घेतलं. नाव ठेवलं 'वर-खाली'.

ती कशी राबली ते सांगायला मला खरं म्हणजे तोंड हवं होतं. ती आधी एक अख्खा दिवस त्या हॉलमध्ये नुसती बसली. आत आलेली माणसं कुठल्या बाजूला वळतात, कुठे थबकतात, पिशवी कुठे टेकवतात, हे वहीत टिपत. मग बाबांची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यातून निघाली मजले दाखवणारी काट्याची जुनी तबकडी, बोटांनी झिजून आकडा पुसला गेलेलं तळमजल्याचं बटण, तुटलेल्या तारांचा पिसारा झालेला दोराचा तुकडा, आणि लिफ्टचं दार बाहेरून उघडायची तिकोनी किल्ली. बटण कुठल्या उजेडात झिजलेलं दिसतं ते शोधायला तिनं मॉडेलात मोबाइलचा दिवा धरून चाळीसेक फोटो काढले. समोरून उजेड टाकला की बटण नवं दिसे, तिरपा टाकला की हजारो बोटं दिसत. ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणजे डोळे असते तर.

आणि पाट्या! संध्याकाळी ती बाबांच्या पलंगाशी बसायची आणि ते बोलतील ते लिहायची. बाबा सुटले की सुटलेच. "लिफ्टमध्ये कुणी अडकलं ना, की आधी विचारायचं, किती जण आहात? मग म्हणायचं, घाबरू नका. आधीच घाबरू नका म्हटलंस तर जे घाबरले नव्हते तेही घाबरतात." ताई लिहायची, खोडायची, साठ शब्दांचे वीस करायची. उभ्यानं वाचणाऱ्याला वीसच झेपतात, असं मॅडमनी शिकवलं होतं. बाबांना एकच उत्सुकता, की आपल्या बोलण्यातलं नेमकं काय हिनं भिंतीवर घेतलंय? रोज विचारायचे.

"सांगणार नाही. तिथे येऊन वाचा."

"अगं, एक तरी सांग."

"परीक्षेचा पेपर फोडू का?"

पण उंची ठरवायची वेळ आली तेव्हा तिनं डबा उघडला आणि फक्त मला बाहेर काढलं. बाकीचे पाच जण आतच. झाकण लावताना तिचा हात जरा घुटमळला, मग तिनं ते दाबून बसवलं. पाट्या माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आल्या, वस्तूंच्या फळ्या माझ्या खांद्याशी. मॉडेलात सगळं कसं देखणं दिसत होतं!

मॅडम आल्या. वाकल्या, माझ्याकडे बघितलं.

"बाकीचे कुठे आहेत?"

"डब्यात."

मॅडमनी तोंड उघडलं. हातातली पट्टी एकदा उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाल्या, "उजेड छान जमलाय." माझ्या आयुष्यात मॅडमनी काही न मोजता सोडून दिलं ते तेवढं एकदाच.

मित्रांनो, तुम्हाला मी काही शिकवावं एवढी माझी जाडी नाही. आमच्यासारख्यांना जपा, असंही म्हणत नाही. अंगावर चहा सांडला तर वाळवा, एवढं पुरे. पण ज्याच्या अंगावरून माप घेता त्या खऱ्या माणसाशेजारी मला अधूनमधून नेऊन उभं करत जा. माणूस बदलतो. पुठ्ठा बदलत नाही, आणि त्याला गुण म्हणू नका.

हॉलमध्ये पाट्या लावायला सुतारकाका आले. ताईनं भिंतीवर केलेली खूण बघून त्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि पुन्हा कानावर ठेवली.

"एवढ्या वर? वाचणारे काय झाडावर बसून वाचणार?"

ताईनं मला खिशातून काढून दाखवलं. "माप बरोबर आहे, काका."

काकांनी आधी मला पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाले आणि भोक पाडायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला परीक्षक येणार होते. आदल्या दुपारी सगळं लावून झालं. मॉडेल दाराशी एका टेबलावर ठेवलं होतं आणि त्यात मी. वर्गातली पोरं आली. टाचा उचलून, माना ताणून हिंडली. "भारी झालंय," म्हणाली, आणि एकमेकांकडे न बघता बाहेर गेली. काका कोपऱ्यात हत्यारं आवरत होते. मग आई बाबांची खुर्ची ढकलत आत आली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाचायचा चष्मा हातातच धरला होता.

आई चवड्यांवर उभी राहिली. फळीवरचं बटण तिला दिसलं नसणार, तिचं कपाळ जेमतेम फळीच्या कडेला लागत होतं. "किती छान मांडलंयस गं," ती म्हणाली.

बाबा पहिल्या पाटीखाली थांबले. चष्मा लावला. मान मागे टाकली. वरच्या दिव्याची चकाकी नेमकी पाटीवरून त्यांच्या डोळ्यांत येत होती. त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली, थोडी बाजूला घेतली. मग दुसऱ्या पाटीकडे गेले. मग फळीखाली.

"स्क्रू अगदी एका रेषेत बसलेत," बाबा म्हणाले. "आणि प्लायला खालूनसुद्धा पॉलिश केलंय. हे कुणी करत नाही. खालून कोण बघतं?"

काकांनी ड्रिलची वायर गुंडाळायची थांबवली.

"तुम्हाला चहा आणू का?" आई म्हणाली.

"थांबा बाबा, मी वाचून दाखवते," ताई पुढे झाली.

"नको. एवढे दिवस 'येऊन वाचा' म्हणत होतीस."

"मग असं करू. हे सगळं पुढच्या महिन्यात कॉलेजात पुन्हा लागणार आहे. तोपर्यंत तुम्ही..."

बाबांनी खुर्ची वळवली आणि स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत दाराशी आले. मॉडेलाकडे बराच वेळ बघितलं. मग दोन बोटांनी मला उचललं.

"हा मीच ना?"

"हो."

"खांदे बरोबर घेतलेस."

त्यांनी मला परत मॉडेलात उभं केलं नाही. मांडीवर ठेवलं. मित्रांनो, तो हॉल मी त्या उंचीवरून तेव्हा पहिल्यांदा पाहिला. इतक्या दिवसांच्या मेहनतीचा, इतक्या देखण्या उजेडाचा हॉल, आणि तिथून दिसत होत्या नुसत्या फळ्यांच्या खालच्या बाजू.

"सुपरवायझर, इकडे ये. बस जरा."

ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आता दोघांचे डोळे समोरासमोर आले.

"डॉक्टर 'बघू' म्हणतात. आई 'पुढच्या महिन्यात' म्हणते. मीसुद्धा 'होईल, होईल' करत आलो. तुम्ही माझ्यासाठी गप्प, मी तुमच्यासाठी गप्प." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "मी आता उभा राहणार नाही, पोरी. पुढच्या महिन्यात नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही."

"अहो..." आई म्हणाली.

"असू दे. कुणीतरी म्हणायला हवं होतं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कोपऱ्याकडे पाहिलं. "काका, हत्यारं आवरू नका अजून. हे सगळं खाली घ्या. मला वाचायचंय."