कार्डाची मागची बाजू

शनिवारी सकाळी आई आणि मी जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरून बसलो होतो. तिने तीस वर्षं पूल बांधले होते, मी भाषांतरं करत आले होते. बांधकामातले स्पॅनिश शब्द इंग्रजीत आणणारा हा कोश दोघींचा. कार्डाच्या पुढे दोन्ही भाषांतले शब्द, मागे एका ओळीत अर्थ. पुढची बाजू ती तपासायची, मागची मी लिहायची. नियम तिचा होता: साइटवर जाऊन वस्तू पाहिल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही.

"हुंता फ्रिया. कोल्ड जॉइंट," मी वाचलं.

"शब्द बरोबर. डोळ्यांनी पाहिलास?"

"हो."

"शाबास. एरवी तुझे पाय टेबलाखालून निघत नाहीत."

कार्ड न उलटताच तिने बरोबरची खूण केली. मग शेवटचं बिस्किट कुणाचं यावरून आम्ही जरा भांडलो.

रविवारी पहाटे तिचं हृदय थांबलं.

तीन आठवड्यांनी छापखान्यातून कार्डांसाठी फोन आला. एकेक उलटून पाहताना ‘हुंता फ्रिया’च्या कार्डापाशी हात थांबला. मागे माझं अक्षर: थंड हवेत ओतलेल्या काँक्रीटचा सांधा. मी साइटवर गेलेच नव्हते. शब्द सोपा वाटला, कंटाळा आला, अंदाजाने ठोकून दिलं होतं.

"सहाशे कार्डांत एक," सोबतीला राहिलेली मावशी म्हणाली. "कोण बघणार आहे?"

"त्यावर तिची खूण आहे, मावशी."

तिने कार्ड माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "बूट घालून जा. तिथे खिळे पडलेले असतात."

साइटवरच्या मुकादमाने आईच्या हाताखाली काम केलं होतं. त्याने मला तळघरातल्या एका भिंतीपाशी नेलं. कमरेच्या उंचीवर एक आडवी रेघ होती.

"नख फिरवा, ताई."

नख अडकलं.

"हे थंडीत ओतलेलं का?"

"भर उन्हाळ्यात. मिक्सर बंद पडला. तोवर खालचा थर आवळून घट्ट झाला, मग वरचा ओतला. दोन्ही एकजीव झालेच नाहीत. उद्या पाणी झिरपलं तर इथूनच." तो हसला. "बाईसाहेबांनी हे ऐकलं असतं तर तुम्हाला इथेच उभं केलं असतं दिवसभर."

"केलं असतं," मी म्हणाले.

घरी येऊन पहिली ओळ खोडली आणि खाली नवी लिहिली. नवं कार्ड घेतलं नाही. तिची खूण यावरच होती. असेच न पाहता लिहिलेले आणखी तीन शब्द निघाले. छापखान्याकडून चार दिवस मागून घेतले, मुकादमाला उद्या येते म्हणून कळवलं.

मग तिच्या खुर्चीसमोर बसले.

"आई, हा मी पाहिला नव्हता. तुला खोटं सांगितलं. आज पाहून आले."