सावडीच्या बायका

पंकजची नोकरी गेली तेव्हा संजीवनी रडली नाही. भिवंडीकडच्या गोदामात तो सुपरवायझर होता. तिथे यंत्रं आली आणि पन्नाशीच्या आतच त्याला हार घालून घरी बसवलं. शेत आहे, डोक्यावर छप्पर आहे, भागेल, असं ती म्हणाली. पण घरी आलेला माणूस गप्प बसेल तर ना! 'आता साधं राहायचं' असं त्याने ठरवलं, आणि हा साधेपणा सुरू कुठून झाला? बायकोपासून. तिच्या चहातली साखर कमी, तिच्या टीव्हीचं रिचार्ज बंद, किन्हवलीच्या बाजाराला तिचं जाणं बंद. जिने दोन साड्यांवर वर्षं काढली, तिला हा साधं राहायला शिकवत होता. माणूस दुखावलेला आहे म्हणून तिने दातओठ खात ऐकून घेतलं.

कापणीच्या वेळी मात्र त्याने कळस केला.

पाड्यातल्या बायकांची सावड होती. आज सगळ्या मिळून एकीचं भात कापायचं, उद्या दुसरीचं. मजुरी कुणी कुणाला देत नाही. जिचं शेत तिने दुपारचं जेवण घालायचं, एवढंच. पंकज गोदामात होता तेव्हा दरवर्षी याच बायकांनी हे शेत कापलं होतं. यंदाही संजीवनी सगळ्यांच्या शेतांत वाकून आली होती आणि आता पाळी तिची होती. भाकऱ्यांसाठी तांदूळ दळून आणायला ती सकाळीच गिरणीवर गेली. परत येताना बघते, तर शेतात कुणीच नाही. ती तशीच घरी आली.

"बाया कुठं गेल्या?"

"परत लावून दिल्या," पंकज म्हणाला. स्वारी स्वतःवर खूश होती. "येवढ्या जनींचा जेवन कशाला? आता मी हाय ना घरी. दोघा मिळून कापू."

संजीवनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पिठाचा डबा ओट्यावर आदळला.

"कुनाला इचारून?"

"शेत माजा हाय. इचारायचा कुनाला?"

"शेत तुमचा, आन कंबर कुनाची? रखमीकाकीच्या शेतात मी वाकले, काशीच्या शेतात मी वाकले. त्या बाया इळे घेऊन दारात आल्या आन तुमी हाकलल्या! तुमाला गोदामातून काढला तवा कसा वाटला? सांगा ना! तुमाला निदान हार तरी घातला."

पंकजचा चेहरा पडला. संजीवनीला वाईट वाटलं का? मुळीच नाही. उलट बरं वाटलं.

तो विळा घेऊन एकटाच शेतात गेला. खुर्चीवर बसून कंबर कामातून गेलेली. दुपारपर्यंत एक कोपराही मोकळा झाला नाही. पिकलेलं भात थांबत नाही, दाणा गळायला लागतो. संध्याकाळी तो मुकाट्याने रखमीकाकीच्या दारात जाऊन उभा राहिला. संजीवनीही मागोमाग गेली. त्याला धीर द्यायला नव्हे, तो काय बोलतो ते ऐकायला.

"काकी, माजा चुकला. उद्या या."

रखमीकाकीने तांदूळ पाखडता पाखडता मानही वर केली नाही. "येऊ. संजीवनीसाठी येऊ. पन तू शेतात पाय ठेवायचा नाय. ठेवलास तर आमी इळे टाकून निघू. जेवन तू रांधायचा, आन बोलवल्याबिगर बांध वलांडायचा नाय."

दुसऱ्या दिवशी बायका आल्या आणि बघता बघता अर्धं शेत मोकळं झालं. उन्हं डोक्यावर आली तेव्हा पंकज बांधाशी पोचला. एका हाताने डोक्यावरची भाकऱ्यांची पाटी धरलेली, दुसऱ्या हातात कालवणाचं पातेलं. भाकऱ्या वेड्यावाकड्या, निम्म्या करपलेल्या. स्वतःच्याच शेताबाहेर तो उभा राहिला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

रखमीकाकीने त्याच्याकडे बघितलं, मग संजीवनीकडे. "बोलव गो त्याला. तुजा नवरा हाय."

संजीवनीने कंबर सरळ केली. तो तिच्याकडेच बघत होता. नुसतं 'या' म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण राग अजून तिच्या पोटात धगधगत होता, आणि इतकी वर्षं गिळला तसा आज तिला तो गिळायचा नव्हता.

"येवढा खाचर कापून होऊ दे, काकी," ती म्हणाली. "मंग बोलवते."

आणि पुन्हा वाकली.